तीन मिनिटांची बोलणी

बोलणं हा माझा धंदा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून माझ्यावर हसायला तुम्हाला सोपं जाईल. जावातल्या क्लातेन आणि आजूबाजूच्या गावांत लग्न निघालं की माईक माझ्या हातात येतो. नवरदेव मांडवाच्या दारात आला, नवरीने त्याचा पाय धुतला, आईवडिलांनी दोघांना एका शालीत घेऊन आसनापर्यंत नेलं, यातली प्रत्येक गोष्ट मी जुन्या दरबारी जावानीजमध्ये फुलवून सांगतो. लोकांना त्यातलं निम्मं कळत नाही, पण माना सगळे डोलावतात. सव्वीस वर्षं हे काम करतोय. इतक्या जोडप्यांची लग्नं मी तोंडाने लावून दिली आणि मला स्वतःला एका बाईंना एवढंच विचारायचं होतं, की माझ्याशी लग्न कराल का. विचारायला सहा महिने फुकटचा फोन हाताशी होता. त्या सहा महिन्यांत मी त्यांना हवामान सांगितलं.

त्या म्हणजे बू वारसिनी; आमच्याकडे बाईंना मानाने बू म्हणतात आणि पुरुषांना पाक. राहायला वोनोगिरीला, माझ्या घरापासून दोन बस लांब. नवरी सजवण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या भागात कोणी नाही. नवरीच्या कपाळावर ती काळी महिरप काढायची असते ना, ती त्या एका दमात काढतात, आणि तोवर खोलीत कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाही. मी बाहेर मांडवात बोलत असतो, त्या आत काम करत असतात. त्यांचे यजमान जाऊन सात वर्षं झाली, माझी बायको जाऊन नऊ. असे दोघं वर्षानुवर्षं एकाच लग्नाला येऊन एकाच स्वयंपाकघराच्या मागे बसून जेवत होतो. एके दिवशी त्यांनी स्वतःच्या पानातली कोंबडीची मांडी न विचारता माझ्या पानात ठेवली. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

त्याच आठवड्यात बाजारात मला ते फुकटचं कार्ड मिळालं. सोतो सूपच्या गाड्याशेजारी नारिंगी टी-शर्ट घातलेली एक मुलगी छत्रीखाली उभी होती. "पाक, फुकट फोन! आयुष्यभर फुकट! फक्त जाहिरात ऐकायची," असं ती म्हणाली. समोर उभं राहून कोणी एवढ्या प्रेमाने काही देत असेल तर घ्यावंच लागतं. तिने एक फॉर्म दिला. तुम्हाला कशाकशात रस आहे, असं विचारून खाली बत्तीस चौकोन होते. आता एखादा चौकोन रिकामा ठेवणं म्हणजे यजमानीणबाईंनी वाढलेला पदार्थ पानाच्या कडेला सारण्यासारखं. मी बत्तीसच्या बत्तीस चौकोनांवर खुणा केल्या. मोटरसायकल, फुटबॉल, गोरं होण्याचं मलम, शेळ्यांचं खाद्य, बालवाडी, बाळंतपण. मुलीने फॉर्म पाहिला, मग मला पाहिलं. तीही आमच्यातलीच, त्यामुळे काही बोलली नाही.

त्या फोनची तऱ्हा अशी होती. नंबर लावला की आधी अर्धा मिनिट जाहिरात. ती संपली की एक गोड आवाज विचारणार, "ही माहिती तुम्हाला उपयोगी वाटली का? हो असेल तर एक दाबा, नाही असेल तर दोन दाबा." काहीही दाबलं तरी तीन मिनिटं बोलायला मिळायची. तीन मिनिटं झाली की फोन कट, मग तुम्ही वाक्याच्या मध्यावर असा नाहीतर शब्दाच्या. दिवसातून असे चार फोन.

मी कायम एकच दाबायचो. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. 'हो' याचा अर्थ 'तुमचं ऐकलं, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत' एवढाच असतो, आणि हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. फोनच्या कंपनीला ते कळत नव्हतं. ती माझं नाव पुढे पाठवत राहिली आणि माझ्या दारात माणसं येऊ लागली. पाण्याच्या फिल्टरवाला आला. फुटबॉलचे बूट घेऊन एक तरुण आला आणि माझे गुडघे बघून खाली मान घालून बसला. आलेल्या पाहुण्याला चहा आणि काहीतरी तळलेलं द्यायलाच लागतं, त्यामुळे माझ्या फुकटच्या फोनपायी घरातली कढई चुलीवरून उतरेना.

ती कढई सांभाळायची माझ्या थोरल्या बहिणीने, म्बाक्यू सार्तीने. ती शेजारच्याच घरात राहते आणि तिच्या तोंडाला ना फाटक आहे ना कडी.

"सोनो, दारात कोण उभंय रे?"

"बालवाडीच्या बाई आहेत, म्बाक्यू."

"कोणासाठी?"

"माझ्या बाळाला प्रवेश द्यायचा म्हणून आल्यात."

"तुझ्या बाळाला! सत्तावन्न वर्षांचा घोडा झालास, तुझं कुठलं बाळ?"

"मी फोनवर हो म्हटलं होतं."

"अरे, दोन दाबलं असतंस तर बोट झडलं असतं का तुझं?"

"त्या बाईने एवढं अर्धा मिनिट घसा कोरडा करून सांगितलं. तिला तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"ती टेप आहे, मेल्या!"

"असली तरी."

म्बाक्यूने कपाळावर हात मारला आणि कसावाचे काप तळायला घेतले. बालवाडीच्या बाईंनी दोन बशा खाल्ल्या आणि माझ्या जन्माला न आलेल्या बाळाची फार आपुलकीने चौकशी केली. मीही बाळाचं वजन वगैरे सांगून टाकलं.

हे सगळं मी आनंदाने सोसलं, कारण त्या फोनवरून मी रोज बू वारसिनींना फोन करत होतो. त्या मिस्ड कॉल द्यायच्या, मी उलट लावायचो. आधी माझ्या कानात गर्भारपणातल्या दुधाची पावडर, मग एक, मग त्यांचा आवाज. आता तुम्ही म्हणाल, लग्नाचं विचारायला तीन मिनिटं पुष्कळ झाली. तुम्हाला पुष्कळ झाली असतील. मला एखाद्या बाईंशी बोलायचं तर आधी अवेळी फोन केल्याबद्दल माफी मागायला लागते. मग त्यांची तब्येत, मग गुडघा, मग समुद्रापलीकडे लाम्पुंगला असलेला त्यांचा मुलगा यान्तो, मग सून, मग त्यांच्या अंगणातला आंबा आणि त्याला लागलेली कीड. त्यानंतर त्या माझी, म्बाक्यूची, माझ्या घशाची चौकशी करणार. मग दोघांनी मिळून पावसाकडे वळायचं. तिथून मूळ मुद्द्याकडे जायची वाट निघते. आमचा फोन नेमका पावसात कट व्हायचा.

"बू, एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळतेय," एकदा मी म्हणालोसुद्धा.

"सांगा ना, पाक."

"तशी ती लहानशीच गोष्ट आहे. म्हणजे लहानशी नाही. तुम्ही गैरसमज करून घेणार नसाल तर, म्हणजे तुम्ही तसा करून घेणार नाहीतच, पण माणसाने आपलं आधी..."

कट.

पुन्हा लावला तर कानात मोटरसायकल. एक दाबून फोन लागल्यावर आधी मघाशी फोन तुटल्याबद्दल सविस्तर क्षमा मागणं आलं. क्षमा मागून झाल्यावर मध्येच मुद्द्याला हात घालणं बरं दिसत नाही, म्हणून पुन्हा गुडघा, पुन्हा आंबा. अशा रीतीने दिवसातून चार वेळा मी लग्नाच्या बोलण्यांना सुरुवात करत होतो, आणि रात्री अंथरुणावर पडून कंपनीला शिव्या देत होतो. कंपनीने पाच मिनिटं दिली असती तर माझा संसार उभा राहिला असता, अशी माझी पक्की समजूत होती.

ईदनंतर, सवाल महिन्यात, एका रविवारी मोठं लग्न होतं. आत बू वारसिनी, बाहेर मी. नवरदेवाने अंड्यावर पाय द्यायची वेळ आली. हा माझा हुकमाचा प्रसंग. अंडं फुटतं, पिवळं पसरतं, नवरी खाली वाकून त्याचा पाय धुते, आणि मी वंशवेल, निष्ठा, दोन घरांचा संगम असं एकेक उलगडत जातो. मांडवात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. अंडं फुटलं. नवरी वाकली. मी श्वास घेतला आणि माझ्या तोंडून, त्याच दरबारी सुरात, निघालं:

"डाग गेला, चिंता गेली, चिमूटभर पुरे!"

कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात होती ती. तीन आठवडे रोज चार वेळा माझ्या कानात ओतली गेली होती. नवरदेवाचे मामा खुर्चीवरून घसरले. गामेलानच्या घंटा वाजवणाऱ्या माणसाने हातातला हातोडा भलतीकडेच मारला. नवरीच्या मागे उभ्या असलेल्या बू वारसिनींनी पदर तोंडावर दाबून धरला होता आणि त्यांचे खांदे गदगदत होते. सव्वीस वर्षांची अब्रू गेली होती, पण त्या हसल्या म्हणून मला बरं वाटलं, इतका मी कामातून गेलेलो होतो.

जेवणं झाल्यावर त्या स्वयंपाकघरामागे एकट्याच बसल्या होत्या. मी जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकलो.

"पाक, एक विचारू का?"

"विचारा ना, बू."

"आत बायका सांगत होत्या, तुमचा फोन फुकटचा आहे म्हणून. जाहिरात ऐकली की तीन मिनिटं."

"हो."

"मला ते ठाऊकच नव्हतं." त्या हातातल्या कंगव्यातले केस काढत होत्या. "फोन तुटला म्हणून माफी मागायचात, पण मला वाटायचं, बोलता बोलता तुम्हीच ठेवता. आधी वाटलं रागावता. मग वाटलं लाजता. लाजत असाल असं वाटून मीच मग दुसऱ्या दिवशी मिस्ड कॉल द्यायचे."

माझे कान तापले होते.

"म्हणजे मला रोज फोन करत होतात ते फुकट आहे म्हणून?"

आता खरं सांगतो. इथे 'नाही' म्हणायचं होतं. शेंबड्या पोरानेही म्हटलं असतं. पण समोरच्या माणसाने, त्यातून बाईमाणसाने एखादं वाक्य उच्चारलं की मी आधी हो म्हणतो, आणि मग पाचसात वाक्यांचं वळण घेऊन, कुणाला न दुखवता, हळूच नाहीकडे येतो. सव्वीस वर्षांची सवय. ते वळण घेण्यासाठी म्हणून मी म्हणालो, "हो."

"बरं झालं कळलं," त्या म्हणाल्या. "यान्तो कधीपासून मागे लागलाय, लाम्पुंगला ये, कायमची ये. सून अवघडलेली आहे. मी त्याला आज उद्या करत होते. आता कळवून टाकते. गुरुवारच्या गाडीने निघेन."

तेवढ्यात मांडवातून हाका आल्या. फोटोसाठी नातेवाइकांची नावं पुकारायची होती. मी उठलो. माझं सगळं आयुष्य त्या बाकावर बसलं होतं, आणि त्याला मी काय म्हणालो माहितीय? "फार छान. प्रवास सुखाचा होवो."

घरी येऊन म्बाक्यूला सगळं सांगितलं. तिने हातातली पळी खाली ठेवली, आणि ते चिन्ह बरं नव्हतं.

"तू हो म्हणालास?"

"पुढे नाही म्हणणार होतो."

"पुढे म्हणजे कधी? तिच्या नातवाच्या लग्नात? माईकवरून?"

"फोन तीन मिनिटांत कट होतो, म्बाक्यू. त्यामुळे आजवर..."

"त्या फोनला काही बोलू नकोस. सहा महिने तो बिचारा जाहिरातींच्या मधून तुला दिवसाला चार वेळा जागा करून देतोय. मेला, विकतचं कार्ड घे. रिचार्ज मार. पाहिजे तितकं बोल तिच्याशी. बघू तुझी अडचण काय आहे ती."

बुधवारी संध्याकाळी मी विकतचं कार्ड घातलं, भरपूर रिचार्ज मारला, अंगणात खुर्ची टाकली आणि नंबर लावला. कानात एकदम घंटी वाजायला लागली. मला कसंसंच झालं. सहा महिने कोणीतरी माझ्याआधी बोलायचं, मग मी. दूध पावडरीच्या मागोमाग सुरुवात करायची सवय झाली होती. त्या दिवशी माझ्यापुढे कोणीच नव्हतं.

"कोण?" बू वारसिनी म्हणाल्या.

"मी दारसोनो."

"नंबर वेगळा दिसतोय."

"हा विकतचा आहे."

त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बोला."

मी बोललो. चाळीस मिनिटं बोललो. बोटीत मळमळलं तर आल्याचा तुकडा जिभेखाली धरायचा, हे सांगितलं. बसमध्ये रात्री गार वारा लागतो, खिडकीजवळची जागा घेऊ नका, हे सांगितलं. लाम्पुंगच्या पाण्याने भात चिकट होतो असं ऐकून आहे, हेही सांगितलं. त्या 'हं' म्हणायच्या आणि थांबायच्या. प्रत्येक 'हं'नंतर एक मोकळी जागा असायची, चांगली मोठी, आणि त्या जागेत मी काहीतरी टाकून ती भरून काढायचो. अंगणात अंधार पडला. म्बाक्यू तिच्या ओट्यावर येऊन उभी राहिली, थोडा वेळ तिने ऐकलं आणि आत निघून गेली.

"आणखी काही?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही. म्हणजे स्वेटर घ्या."

"घेते," त्या म्हणाल्या.

फोन बंद झाला. कट झाला नव्हता, रिचार्जही संपला नव्हता. त्यांनी ठेवला होता. मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. सहा महिने ज्या फोनला शिव्या दिल्या तो निर्दोष होता. मला तीन मिनिटं दिली काय आणि तीन वर्षं दिली काय, मी पावसातच अडकणार होतो. इतका मूर्ख माणूस लोकांच्या लग्नात उभा राहून प्रेमाबद्दल बोलतो आणि त्याचा मोबदला घेतो, याची मला त्या दिवशी खरोखर लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. गुरुवारनंतर त्या नसणार होत्या.

गुरुवारी दुपारी मी वोनोगिरीच्या बसस्टँडवर पोचलो तेव्हा लाम्पुंगची गाडी भरून उभी होती. ईद करून परत निघालेली माणसं, टपावर खोकी, पिशव्या, गुंडाळलेल्या चटया. बू वारसिनी दाराशी उभ्या होत्या. एका हातात सजावटीच्या सामानाची पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातावर स्वेटर. मला बघून त्या चकित झाल्या नाहीत. थकलेल्या दिसल्या.

"पाक, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

माझ्या तोंडाशी माफी आली होती. दोन बस बदलून, न कळवता आल्याबद्दलची, चांगली लांब माफी. ती मी गिळली. गिळताना घशात अडकली, खोटं नाही सांगत.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"रविवारी तुम्ही विचारलंत, फुकट आहे म्हणून फोन करता का. नाही. फुकट आहे म्हणून करत नव्हतो."

माझा आवाज माईकची सवय असलेला. तो आख्ख्या बसला ऐकू गेला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"मग कशासाठी करत होतात?"

"लग्नासाठी विचारायचं होतं."

"कुणाच्या?" दारातल्या कंडक्टरने विचारलं.

"माझ्या," मी म्हणालो. मग बू वारसिनींकडे बघून म्हणालो, "आपल्या. जाऊ नका."

पहिल्या खिडकीत मांडीवर बदकाच्या अंड्यांची टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी होती. ती म्हणाली, "बाई गं, काय ते एक सांगून टाक याला. बोट चुकेल आमची."

बू वारसिनींनी पेटी खाली ठेवली. पुन्हा उचलली. "मी जाणार आहे," त्या म्हणाल्या. "सुनेचे दिवस भरलेत. तिला आई नाही. यान्तोला मी शब्द दिलाय."

"हो," मी म्हणालो, आणि मग सावरून म्हणालो, "म्हणजे ते खरंच बरोबर आहे. जा. पण परत या."

"बाळाचे पस्तीस दिवस होईपर्यंत तरी मला हलता येणार नाही."

"चालेल. दोन महिन्यांनी, बेसर महिन्याच्या अठराला या. बुधवार आहे, पोन. तुमच्या आणि माझ्या दोघांच्या जन्मवाराला चालतो."

हे मात्र मी एका दमात बोललो. त्यांनी पेटी पुन्हा खाली टेकवली. लग्नाचा दिवस काढायचा म्हणजे दोघांचे जन्मवार घेऊन, सात वारांना पोनसारखे आमचे पाच जावानीज वार जोडून, बेरजा मांडून, पंचांगाशी ताडून बघायला लागतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. आम्ही दोघंही त्याच बाजारातले.

"माझा जन्मवार कुठून मिळाला तुम्हाला?"

"तुमच्या मावसबहिणीला विचारला होता. तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं."

"कधी?"

"कार्ड घेतलं त्याच आठवड्यात."

"म्हणजे गणित तेव्हाच मांडलंत? सहा महिन्यांपूर्वी?"

"तेव्हा एक आधीचा दिवस निघाला होता," मी म्हणालो. हे सांगायचं मी ठरवलं नव्हतं, पण एकदा खरं बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. "रजेब महिन्याच्या अकराला. फार चांगला होता. बेसरच्यापेक्षा चांगला. तो निघून गेला."

कंडक्टरने दारावर थाप मारली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. बू वारसिनी वर चढल्या, मी पेटी त्यांच्या हाती दिली. गाडी सुरू झाली आणि जागच्या जागी थरथरत राहिली. त्या अंड्यांच्या टोपलीवाल्या म्हातारीशेजारी बसल्या, तिच्यावरून वाकून खिडकीशी आल्या आणि काच बाजूला सरकवली.

"बेसरची अठरा," त्या म्हणाल्या.

"अठरा. बुधवार."

"येईन."

आमच्याकडे 'येईन' असं कोणीही कोणालाही म्हणतं. त्यामुळे मी ते केलं जे मी आयुष्यात कधी कोणाला केलं नव्हतं. उलट विचारलं. "नक्की का, बू? की आपलं म्हणायचं म्हणून?"

"नक्की," त्या म्हणाल्या. "यान्तोला आजच सांगते. पण त्या दिवशी माईक दुसऱ्या कोणाला तरी द्या. तुमच्या हातात राहिला तर बेसर संपून जाईल."

म्हातारी हसली, मागची दोनचार माणसं हसली, मीही हसलो. गाडी हलली. मी खिडकीला धरून बरोबर चालायला लागलो. बू वारसिनी हसत नव्हत्या. कपाळाला आठी घालून त्या मनात काहीतरी मागे मागे मोजत होत्या.

"रजेबची अकरा म्हणालात ना?"

"हो."

"त्या दिवशी मला कुठलंच लग्न नव्हतं," त्या म्हणाल्या. "दिवसभर घरीच होते मी. तुमचा चार वेळा फोन आला."